राउटरच्या पोटावरची पट्टी

६ फेब्रुवारी

ही माझी तक्रारवही. पहिली चाळीस पानं लोकांच्या तक्रारींची आहेत. नेट चालत नाही, नेट हळू आहे, दिवा लाल दिसतो, मांजराने वायर खाल्ली. उरलेल्या पानांवर आजपासून माझी तक्रार. माझं अक्षर असं आहे की ते माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, आणि दोन दिवसांनी कधी कधी मलाही नाही. म्हणजे मनात येईल ते बिनघोर लिहावं.

तर सरकारी हुकूम निघालाय. घराघरांतले परदेशी बनावटीचे राउटर धोक्याचे आहेत म्हणे. त्यांच्यातून आपली गुपितं बाहेर जातात. आमच्या वसाहतीची गुपितं! दुसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर दिवसभर गुडघेदुखीचे व्हिडिओ बघतात. ते बाहेर गेले तर बाहेरच्यांचेच गुडघे दुखायला लागतील.

सकाळी आठपासून फोन. "वायरवाले, आमचा डबा परदेशी आहे का हो?" अहो, आहेच. सगळ्यांचाच आहे. वीस वर्षांत मी बसवलेला एकही डबा इथे बनलेला नव्हता, कारण इथे कुणी बनवतच नव्हतं. एका बाईंनी तर सरळ विचारलं, "मग तुम्ही आमच्या घरात असलं कशाला बसवलंत?" घ्या! म्हणजे चोर मीच.

बायको म्हणाली, "चिडू नका. लोक घाबरलेत, नीट उत्तरं द्या." ही अशीच. आधी जगाची बाजू घेणार, मग उरली तर नवऱ्याची.

७ फेब्रुवारी

वॉर्डाच्या ऑफिसातून हुकमाची प्रत आणली आणि दुपारी दुकानात बसून वाचली. जुना डबा आणखी एक वर्ष वापरता येईल. पण घरमालकाने महिनाअखेर फॉर्म भरून तो आपल्याकडे आहे असं कळवायचं, आणि डब्याच्या पोटावर, म्हणजे खालच्या बाजूला, कंपनीची जी पट्टी असते, ज्यावर तो कुठल्या देशात बनला ते छापलेलं असतं, ती शाबूत हवी. पट्टी झाकलेली, खोडलेली किंवा फाटलेली सापडली तर ती लपवाछपवी धरली जाईल आणि गुन्हा घरमालकावर. तो सरकारी नोकर असेल तर त्याच्या खात्यालाही कळवणार. शिवाय इथून पुढे ज्याच्याकडे सरकारी कार्ड, त्यानेच डब्याला हात लावायचा.

पट्टीचं कलम मी दोनदा वाचलं. कारण वीस वर्षं प्रत्येक डब्याच्या पोटावर मी माझं पिवळं स्टिकर लावत आलोय. 'तक्रार असल्यास याच नंबरवर फोन करा.' आणि ते लावलंय बरोबर त्या पट्टीवर. दुसरीकडे कुठे लावणार? खालची सगळी बाजू भोकाभोकांची असते, गरम हवा बाहेर जायला. भोकं बुजवली की उन्हाळ्यात डबा मेलाच. गुळगुळीत जागा काय ती पट्टीचीच. आणि डबा तापला की साधा गोंद सुटतो, म्हणून मी चपला चिकटवायचं सोल्यूशन लावायचो. माझं स्टिकर कधी निघालं नाही, याचा मला केवढा अभिमान!

दोनशेच्या वर घरं. दोनशे घरांत मी माझ्या हाताने पट्टी झाकून ठेवलीय, वर स्वतःचा नंबर देऊन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

९ फेब्रुवारी

सुट्टीचा दिवस. स्टिकर काढून बघायचं होतं. परक्या घरी प्रयोग नको, म्हणून पहिला प्रयोग मेहुण्याकडे. घरचंच गिऱ्हाईक.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पाणीपुरवठा खात्यात घरोघरी फिरून मीटर वाचतो. नऊ वर्षं तात्पुरता आहे. या मार्चअखेर कायम करण्याचं पत्र निघणार, त्याचीच टकळी चालू होती. चाळिशीच्या आत असेल त्यालाच कायम करतात आणि हा जूनमध्ये चाळीस पूर्ण करतोय. म्हणजे या खेपेला नाही तर कधीच नाही. "दाजी, पत्र हातात पडलं की पहिल्यांदा ताईला दाखवणार," असं तीनदा सांगून झालं. मग दूध आणायला खाली गेला. त्याची बायको स्वयंपाकघरात होती.

मी डबा उलटा केला. आधी नखाने बघितलं, मग ब्लेडने. स्टिकर निघालं आणि त्याच्याबरोबर पट्टीही निघाली. देशाचं नाव, नंबर, सगळं स्टिकरच्या पाठीला चिकटून माझ्या हातात. डब्यावर नुसता पांढरा फाटका कागद, खरूज झाल्यासारखा. स्टिकर खिशात घातलं आणि डबा सरळ करून ठेवला.

"झालं का दाजी?"

"झालं."

"काही राहिलं नाही ना?"

"अरे, मी केलंय ना?"

मग जेवलो आणि घरी आलो. सांगायला हवं होतं का? पण सांगून काय साधणार होतं? फाटलेली पट्टी पुन्हा चिकटणार थोडीच! उगाच त्याचा जीव टांगणीला. आणि डबे उलटे करून बघायला कोण मोकळं बसलंय?

१२ फेब्रुवारी

युक्ती सापडली. बायकोचं केस वाळवायचं यंत्र. दोन मिनिटं गरम हवा मारली की सोल्यूशन मऊ पडतं आणि स्टिकर दुधावरची साय निघावी तसं अलगद निघतं. खालची पट्टी नवीकोरी. आज सत्तावीस घरं केली आणि सत्तावीसही पट्ट्या शाबूत.

गाण्याच्या बाईंकडे गेलो तर राउटर दिसेना. त्यांनी त्याच्यावर जाड टॉवेल टाकला होता आणि वर तंबोऱ्याची गवसणी. मला खुणेनेच गप्प बसायला सांगितलं, बाहेर जिन्यात नेलं आणि कानात म्हणाल्या, "ऐकतो तो." म्हटलं, "बाई, तो ऐकत असता तर इतकी वर्षं तुमच्या शिष्यांचं गाणं ऐकून त्यानेच देश सोडला असता." हसल्या नाहीत. टॉवेलखाली डबा असा तापला होता की त्यावर चहा झाला असता.

हे यंत्र तीन दिवस आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं. असो. गेलेल्या गोष्टी उगाळून काय मिळतं?

२० फेब्रुवारी

सगळी घरं संपली. पाठीचा पार भुगा झालाय. पण माझं स्टिकर आता वसाहतीत एकाही डब्यावर नाही. वाईट वाटलं. आपलंच नाव आपणच पुसत फिरायचं, तेही दारोदार चहा पीत, हसत.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन. फॉर्म भरायला बसला होता. "दाजी, इथे विचारलंय, पट्टी शाबूत आहे, होय की नाही. काय लिहू?"

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "होय लिही."

"मी एकदा उलटा करून बघू का?"

"हात लावू नकोस! कार्डाशिवाय हात लावणं आता गुन्हा आहे." हे अर्धं खरं आहे. वायरी सोडायला बंदी आहे, उलटा करायला नाही. पण तो सरळ माणूस, दाजी म्हणाले म्हणजे झालं. त्याने होय लिहिलं.

बायको भाजी निवडत होती. तिने विचारलं, "त्याचं नीट झालंय ना सगळं?" म्हटलं, "हो गं बाई, किती वेळा सांगू?" ती माझ्याकडे बघत राहिली. हिला नुसतं बघत राहायची सवयच आहे.

२६ फेब्रुवारी

कार्डासाठी अर्ज केला. 'अधिकृत जोडणीकार.' आमच्या भागात एकच कार्ड मिळणार आणि अर्ज चार. अट मोठी छान आहे. पट्टीशी छेडछाड केल्याची एकही नोंद निघाली की अर्ज बाद. कार्ड नाही मिळालं तर मी वीस वर्षं ज्या घरांत बुटांसकट शिरलो त्या घरांत मला डब्याकडे बोटही दाखवता येणार नाही. पन्नाशीत नवीन काय शिकू? शिवणकाम?

अर्ज नेहमीप्रमाणे बायकोनेच लिहिला. तिचं अक्षर छापल्यासारखं. आमचं पहिल्यापासून तसंच आहे. मी दिवसभर कामं करतो, संध्याकाळी चहाबरोबर तिला सांगतो, ती प्रत्येक घरासाठी कामाची चिठ्ठी लिहिते, काय बिघडलं, काय केलं, आणि खाली माझी सहीही तीच ठोकते. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या लोकांच्या पेट्यांत टाकतो. वसाहतीत माझी म्हणून जी सही चालते ती तिची आहे. माझी स्वतःची सही म्हणजे कोंबडीने उकरलेला उकिरडा.

अर्जावर मात्र साहेबांसमोर सही करायला लावली. केली. साहेब चष्मा वर करून म्हणाले, "ही सही आहे की वायरिंगचा नकाशा?" हसलो. ज्याच्या हातात कार्ड, त्याच्या विनोदाला हसावंच लागतं.

४ मार्च

व्हायचं तेच झालं. कागदपत्रं तपासायला तपासनीस नेमलेत. एकाला मी भिंगवाला म्हणतो, कारण तो दारातच खिशातून भिंग काढतो. सरकारी नोकरांची घरं आधी. काल तो मेहुण्याकडे गेला. डबा उलटा केला, भिंग लावलं, फोटो काढला आणि डबा पिशवीत घालून घेऊन गेला. पट्टी फाडलेली, आणि फॉर्मवर लिहिलंय शाबूत. म्हणजे एकाचे दोन गुन्हे. खात्याला कळवलंय. चौदाला सुनावणी.

आज दुपारी मेहुणा दुकानात आला. मीटर वाचायची पिशवी अजून खांद्यावरच. मला वाटलं आता भांडणार. मी तयारीच ठेवली होती. पण तो स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, "दाजी, त्या दिवशी काढताना फाटली का?"

मी म्हटलं, "जुना कागद, फाटला असेल थोडा."

"मग सांगायचं ना. मी फॉर्मात तसं लिहिलं असतं. खरं लिहिणाऱ्यांना नुसती ताकीद देऊन सोडलंय."

मी टेबलावरचे स्क्रू डबीत भरायला लागलो. तो म्हणाला, "मला एकच करा. एका ओळीचं पत्र द्या. पट्टी माझ्या हातून फाटली, घरमालकाला माहीत नव्हतं. एवढंच. साहेब म्हणाले, बसवणाऱ्याने लिहून दिलं तर तुझ्यावरचं सगळं काढतो."

म्हटलं, "बघतो."

"चौदाच्या आत बघा," म्हणाला, आणि पाणीसुद्धा न पिता गेला. एका ओळीचं पत्र! यांना ओळ एक दिसते. त्या एका ओळीत माझं कार्ड जातं, हे कुणी बघत नाही.

६ मार्च

काल त्याने ताईला सांगितलं. सांगणारच. आज सकाळपासून घरात बायकोचं एकच.

"तुम्ही फाडलीत ना?"

"फाटली. फाडणं वेगळं आणि फाटणं वेगळं."

"मग फाटली म्हणून लिहून द्या."

"आणि कार्ड?"

"कार्ड गेलं तर आपण दोघं मिळून काहीतरी करू. लिहिण्याचं काम मला कुठेही मिळेल. तुम्हाला वायरिंगचं मिळेल, फक्त डब्याला हात लावायचा नाही एवढंच. पण त्याचं वय निघून गेलं तर त्याने काय करायचं?"

मी म्हटलं, "तुझ्या भावाचं तुला दिसतं. माझी वीस वर्षं नाही दिसत."

त्यावर तिने ते काढलंच. मला माहीतच होतं ती काढणार. मी शिडीवरून पडलो होतो तेव्हा दवाखान्यात अकरा दिवस माझ्याजवळ कोण बसलं होतं, भांडं कुणी उचललं होतं. अहो, बसला होता, मी नाही कुठे म्हणतोय? पण म्हणून काय जन्मभर त्याचाच पाढा वाचायचा? त्याने केलं ते माणुसकीने केलं की पुढे वसूल करायला? असं मी बोललो. बोलायला नको होतं. ती उठून आत गेली.

इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हींच्या मधे मी एकटा.

८ मार्च

कार्डासाठी मुलाखत झाली. साहेबांनी वही उघडली आणि म्हणाले, "चारही अर्जदारांत तुमच्याच भागात पट्ट्या सगळ्यात स्वच्छ आहेत. एक घर सोडलं तर."

मी म्हटलं, "हो, एक घर सोडलं तर."

"तो मनुष्य तुमच्या नात्यातला ना?"

"बायकोच्या," म्हटलं.

"नात्यातल्यांचं असंच," साहेब म्हणाले. पंधराला निकाल आहे. म्हणजे नेमका सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी. एक दिवस मागेपुढे असता तर मी हसत हसत पत्र दिलं असतं. आधी कार्ड हातात, मग पत्र. पण आपलं नशीब कधी सरळ चालतं?

११ मार्च

घरात जरा शांतता आहे. बायकोने पत्राचा विषय बंद केलाय. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, तिला शब्दाचाही लागला नाही, आपणहून समजली. एवढ्या वर्षांच्या संसारात बाई कळली म्हणावं तर ती अशी अचानक बरी वागते.

उलट काल चहाच्या वेळी माझ्या कामात लक्ष घालत होती. त्या दिवशी आधी नख लावलं की ब्लेड? स्टिकर कुठल्या बाजूने उचललं? तेव्हा भाऊ घरात होता की खाली गेला होता? किती वाजले असतील? मी सगळं सविस्तर सांगितलं. इतक्या दिवसांत माझं कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. बोलून हलकं वाटलं.

आज तिने दुकानातला छापील नावाचा कागद मागितला, दोन-तीन कोरे. कामाच्या चिठ्ठ्या तुंबल्यात म्हणाली. म्हटलं घे, तुझंच आहे सगळं.

१४ मार्च

आजचं आजच लिहून ठेवतो.

सुनावणीला मलाही बोलावणं आलं होतं, बसवणारा म्हणून. ऑफिसच्या व्हरांड्यात मेहुणा आधीच बसला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. मला बघून उठला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरले होते. "दाजी, ताईने काल पत्र आणून दिलं. तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी तुमच्याबद्दल वाईटसाईट बोललो असेन तर माफ करा."

कसलं पत्र, असं विचारणार एवढ्यात शिपायाने आत बोलावलं.

साहेब, बाजूला भिंगवाला, आणि टेबलावर ते पत्र. माझ्या दुकानाचा कागद. छापल्यासारखं अक्षर. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की, नऊ फेब्रुवारीला दुपारी साडेबाराच्या सुमारास सदर घरी माझे स्टिकर काढताना कंपनीची पट्टी माझ्या हातून फाटली. त्यावेळी घरमालक घरात नव्हते. ही गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली. त्यांची काही चूक नाही.' एक अक्षर खोटं नव्हतं. खाली माझी सही. म्हणजे वसाहतीत माझी म्हणून चालते ती.

साहेबांनी माझा कार्डाचा अर्ज काढून शेजारी ठेवला. एकीकडे ती वळणदार सही, दुसरीकडे माझा उकिरडा. मला विचारलं, "ही पत्रावरची सही तुमची आहे?"

मी म्हटलं, "नाही."

मेहुण्याने झटकन माझ्याकडे बघितलं. मग वाकून पत्राकडे बघितलं आणि बघतच राहिला. इतक्या वर्षांत बहिणीचं अक्षर त्याला पहिल्यांदाच ओळखू आलं, असं त्याचं तोंड झालं.

साहेब म्हणाले, "मग ही कुणी केली? दुसऱ्याची खोटी सही हा वेगळा गुन्हा आहे. मला पोलिसांत द्यावं लागेल."

मेहुण्याच्या फायलीच्या प्लास्टिकमध्ये माझ्या कामाच्या चिठ्ठ्या दिसत होत्या. नऊ वर्षांच्या. प्रत्येकीवर तीच सही. एक चिठ्ठी टेबलावर टाकली असती तर सगळं उलटलं असतं. त्याचा हात फायलीवर गेला. त्याने फाईल मिटली, मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मी केली, साहेब."

"तुम्ही?"

"हो. पत्र मीच लिहिलं. पट्टीही माझ्याच हातून फाटली. दाजींचा काही संबंध नाही."

भिंगवाल्याने मान हलवली, असले खूप बघितलेत अशी. साहेब म्हणाले, कबूल केलंत म्हणून पोलिसांत देत नाही, पण खात्याला कळवावं लागेल, तुमचं कायम व्हायचं तर सोडाच, आहे तेही राहणार नाही. मेहुणा "बरं" म्हणाला. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं नाव उगाच गोवलं गेलं." मी म्हटलं, "चालायचंच."

पट्टीचं मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मी काही खोटं बोललो का? सही माझी आहे का, विचारलं. नव्हती. खरं तेच बोललो. उलट खोटं तो बोलला.

व्हरांड्यात मी त्याला म्हटलं, "अरे, बसू, बोलू." तो माझ्या अंगावरून पुढे गेला. चिडलेला वाटला नाही. दमलेला वाटला.

घरी आल्यावर बायको दारातच उभी होती. "काय झालं?"

"पत्रावरची सही तुमची आहे का, असं विचारलं."

"मग?"

"मग काय. खरं ते सांगितलं."

"आणि तो?"

"तो म्हणाला, मी केली."

ती भिंतीला टेकली. मला वाटलं आता ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "आधी मला विचारायचंस तरी. माझ्या नावाने पत्र लिहितेस, मला पत्ता नाही. तू जेलात गेली असतीस!"

ती म्हणाली, "जाणार होते. तुम्ही हो म्हणाल असं वाटलं होतं, म्हणून सुनावणीला आले नाही."

याचा अर्थ काय लावायचा? आधी जाणार होते म्हणते, मग आले नाही म्हणते. डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. विश्रांती घे म्हटलं.

१५ मार्च

कार्ड मिळालं. चौथा अर्जदार व्हरांड्यात रडत होता. घरी येऊन बायकोला दाखवलं. तिने हातात घेतलं, फोटो बघितला, नाव वाचलं आणि परत दिलं. "चांगला आलाय फोटो," म्हणाली. म्हणजे राग ओसरतोय.

१६ मार्च

भावाला बरं नाही म्हणून ती तिकडे गेलीय. दोन पिशव्या आणि मोठी बॅग. म्हटलं, एवढं कशाला? म्हणाली, लागेल.

३ एप्रिल

मधे लिहायला फुरसत नव्हती. नवे डबे आलेत, देशी बनावटीचे. एकाचं कौतुक म्हणून झाकण उघडून बघितलं. आत हुबेहूब जुनाच बोर्ड, तीच परदेशी अक्षरं, सोल्डरिंगचा तोच डाग. पट्टी तेवढी नवी. मी झाकण लावून टाकलं. कार्डवाल्याने असलं काही बघायचं नसतं.

आज यादीत मेहुण्याचं घर निघालं. त्यांचा डबा जप्त झालेला आणि कार्ड भागात एकच. जावंच लागलं. भर दुपारी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. एरवी 'या दाजी' म्हणून आधी पाणी आणते. आज दारातच उभी राहिली. आतून बायकोचा आवाज आला, "कोण गं?"

"डबा बसवायला आलेत."

मेहुणा कामाच्या दिवशी भर दुपारी घरात, टेबलापाशी. समोर शाळेच्या शिपायाच्या नोकरीचा फॉर्म. मला बघून उठला आणि प्लगपाशी जाता यावं म्हणून खुर्ची बाजूला घेतली, कुणाही कारागिरासाठी घेतो तशी. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. बारीक झालीय. मी वीस मिनिटांत काम संपवलं. हिरवा दिवा लागला.

आता नियम असा की चिठ्ठी जागच्या जागी लिहायची. सवयीने मी कागद बायकोपुढे सरकवला. तिने तो परत माझ्याकडे सरकवला. "तुमचं काम आहे. तुम्हीच लिहा."

लिहिली. तिने बघितली आणि म्हणाली, "वाचता येत नाही. वाचून दाखवा, मग घरमालक सही करेल."

मी वाचायला लागलो. तारीख वाचली, डब्याचा नंबर वाचला. पुढे छापील ओळ होती, अक्षर बारीक म्हणून ती दोनदा वाचावी लागली. 'डब्याच्या पोटावरील पट्टी शाबूत आहे, ती डबा उलटा करून घरमालकास दाखवली आहे.' मेहुणा आला, त्याने स्वतःच्या हाताने डबा उलटा केला, पट्टी नीट बघितली, बोटाने चाचपली आणि सही केली.

हत्यारं पिशवीत भरता भरता मी बायकोला हळूच विचारलं, "घरी कधी येतेस?"

तिने घडी घातलेला शर्ट बाजूला ठेवला आणि भावजयीला म्हणाली, "अगं, यांचं काम झालंय. दार लावून घे."

जिन्यात थोडा वेळ थांबलो. आतून कडी लागल्याचा आवाज आला. भावाचं घर, समोर भावजय, चार माणसांत ती तरी काय बोलणार. येईल. न येऊन जाते कुठे!